४२९४९६७२९७: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर एकाच संख्येबद्दलचे प्रश्न आहेत. सगळे संख्या सिद्धांतातले. भाग्यांक, शुभांक वगैरेंची उत्तरं इथे मिळणार नाहीत. शाळेतला भागाकार, बाकी आणि घातांक एवढं येत असेल तर बहुतेक सगळं समजेल. एक-दोन उत्तरं कागद-पेन घेऊन वाचावी लागतील, तेवढी वाचाच.

ही संख्या वाचायची कशी, आणि हिच्यात विशेष ते काय?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अशी वाचली तर कुठलीही दहा अंकी संख्या वाटते. खरं रूप वेगळं आहे: २ चा ३२ वा घात अधिक १. यापुढे घात २^३२ असा लिहू.

यातला ३२ हाही २ चाच घात आहे, पाचवा. २ चा असा घात, ज्याचा घातांकही २ चा घात आहे, त्यात १ मिळवला की मिळते ती फर्मा संख्या. आपण त्यांना फ० पासून क्रमांक देऊ: फ० = ३, फ१ = ५, फ२ = १७, फ३ = २५७, फ४ = ६५५३७ आणि फ५ = ४२९४९६७२९७. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. सहावी नाही. या संख्येचा सगळा लौकिक या एका 'नाही'मुळे आहे.

फर्मा चुकला होता, असं म्हणायचं का?

अंदाज चुकला, असं म्हणा. पियेर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं मत मांडलं. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने सांगितलं होतं. पुढे डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून विचारलं की फर्माचं हे म्हणणं माहीत आहे का. ऑयलरने १७३२ मध्ये फ५ चा अवयव काढून दाखवला आणि विषय संपवला.

गंमत अशी की अवयव शोधायला जे हत्यार लागतं ते फर्माचंच आहे. त्याच १६४० मध्ये त्याने ते फ्रेनिकललाच कळवलं होतं. ते कसं चालतं हे पुढे येईल.

अवयव कोणते?

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

विश्वास ठेवू नका, करून बघा. ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००. ६७००४१७ × ४१ = २७४७१७०९७. बेरीज ४२९४९६७२९७.

गुणाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं का?

येतं, आणि माझ्या मते या संख्येबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिली तऱ्हा सांगते ६४० + १, दुसरी सांगते ६२५ + १६. आता ६४० चा चौथा घात घ्या. ६४० ला ६४१ ने भागताना बाकी −१ धरता येते, म्हणून ६४०^४ ची बाकी १. म्हणजे ६४०^४ − १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. पण ६४०^४ म्हणजे ५^४ × २^२८.

दुसरीकडे ६४१ × २^२८ ला तर ६४१ ने भाग जाणारच, आणि तो गुणाकार सोडवला तर ५^४ × २^२८ + २^३२ मिळतो. या दुसऱ्या राशीतून पहिली वजा करा. ५^४ × २^२८ उडून जातं आणि उरतं २^३२ + १. दोन्ही राशींना ६४१ ने भाग जातो, तर वजाबाकीलाही जाणारच. एकदाही दहा अंकी संख्या लिहावी लागली नाही.

हे सगळं ६४१ माहीत झाल्यावर. पण ६४१ मुळात सापडला कसा?

हा योग्य प्रश्न आहे. वरची सिद्धता दिसायला देखणी, पण ती शोध कसा लागला ते लपवते.

आंधळेपणाने करायचं तर २, ३, ५, ७ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे ११६ व्या भागाकाराला यश. कंटाळवाणं आहे, अशक्य मुळीच नाही. पण सुरुवात करताना हे माहीत नसतं. ही संख्या खरोखर मूळ असती तर ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ६५४२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं.

ऑयलरने संख्येचा साचा पाहिला. समजा मूळ संख्या प ने २^३२ + १ ला भाग जातो. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या ६४ पायऱ्यांनी फिरून पुन्हा १ वर येतात. त्याहून लवकर येत नाहीत, कारण त्याहून लहान चक्र ६४ चा विभाजक असतं, मग ३२ व्या पायरीलाच १ यायला हवा होता. तिथे तर −१ आहे. आता फर्माचं हत्यार: प विषम मूळ असेल तर २^(प−१) ची बाकी नेहमी १. म्हणजे प−१ मध्ये ६४ चं चक्र पूर्णांक वेळा बसलंच पाहिजे. म्हणून प चा साचा ६४क + १.

या साच्यातल्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, काम फत्ते.

पुढे १८७८ मध्ये ल्युकाने साचा आणखी आवळला. प ला ८ ने भागल्यावर बाकी १ असेल तर २ ही बाक्यांच्या जगात कुणाचा तरी वर्ग असते. त्या 'कुणाचं' चक्र मग १२८ चं होतं, म्हणून साचा १२८क + १. यात ६४१ पर्यंत फक्त दोन मूळ संख्या: २५७ आणि ६४१. त्यातली २५७ स्वतः फर्मा संख्या आहे आणि दोन वेगवेगळ्या फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो (कारण पुढे येईल). उरली ६४१. एकशे सोळा भागाकारांचं काम एकावर आलं.

आणि ६७००४१७ मूळ आहे हे कशावरून?

तीच युक्ती. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे आहे, म्हणून तिचा लहान अवयव असलाच तर २५८८ पर्यंत सापडेल. शिवाय तो अवयव ४२९४९६७२९७ चाही अवयव असणार, म्हणजे १२८क + १ या साच्यातला. या मर्यादेत असल्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ वर सांगितलेल्या कारणाने बाद. उरलेल्या चारांनी ६७००४१७ ला भागा:

६४१ ने बाकी ४४
७६९ ने बाकी १२०
११५३ ने बाकी ३३४
१४०९ ने बाकी ६२२

एकदाही शून्य नाही. सात अंकी संख्या मूळ असल्याची सिद्धता चार भागाकारांत झाली.

शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावून काही हाती लागतं का?

फारसं नाही. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११ आणि १३ यांची एकत्र कसोटी आहे, कारण त्यांचा गुणाकार १००१: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून वजाबाकी-बेरीज करायची. २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही नाही. इथवर आल्यावर माणसाला ही संख्या मूळ आहे असं वाटू लागतं.

फ२ पासून पुढची प्रत्येक फर्मा संख्या ७ नेच संपते, हेही जाता जाता. २^४ चा शेवटचा अंक ६, आणि ६ चा वर्ग कितीही वेळा केला तरी शेवटी ६ च राहतो.

अवयव न काढता ही संख्या मूळ नाही एवढंच सिद्ध करता येतं का?

हो, आणि मोठ्या संख्यांच्या अभ्यासातली ही फार महत्त्वाची फट आहे. 'मूळ नाही' हे कळणं वेगळं आणि 'अवयव हे' असं सांगता येणं वेगळं.

संख्या न मूळ असेल तर न च्या पटीत नसलेल्या कोणत्याही अ साठी अ^(न−१) ला न ने भागून बाकी १ यायला हवी. नाही आली तर न नक्की संयुक्त. फ५ साठी न−१ म्हणजे २^३२, म्हणून काम सोपं: अ चा वर्ग करा, बाकी घ्या, पुन्हा वर्ग, असं ३२ वेळा.

अ = २ घेऊन बघितलं तर फसाल. बाकी १ येते! २ चं चक्र ६४ चं आहे हे वर पाहिलंच, आणि २^३२ ला ६४ ने पूर्ण भाग जातो. खरं तर प्रत्येक फर्मा संख्या २ च्या या परीक्षेत पास होते, मग ती मूळ असो वा नसो. म्हणून फर्मा संख्येला २ ची परीक्षा घालण्यात काही अर्थ नाही.

अ = ३ घेतला की सोंग उतरतं. ३^(२^३२) ची बाकी ३०२९०२६१६० येते. १ नाही, म्हणजे संख्या संयुक्त. अवयव कोणते याचा मात्र यातून पत्ता लागत नाही. १८७७ मध्ये पेपँने हीच कल्पना फर्मा संख्यांसाठी पक्की केली: एक पायरी आधी, म्हणजे ३^(२^३१) ला, बाकी −१ आली तर मूळ, नाही तर संयुक्त. फ५ साठी तिथे १०३२४३०३ येते. तिचा वर्ग करून बाकी काढा, वरची संख्या मिळेल.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या किती तऱ्हांनी लिहिता येते?

दोन. पहिली उघड आहे:

६५५३६^२ + १^२

दुसरी अजिबात उघड नाही:

६२२६४^२ + २०४४९^२

म्हणजे ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. २०४४९ ही स्वतः १४३ चा वर्ग आहे, हा निव्वळ योगायोग, पण डोळ्यांना बरा वाटतो.

४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने लिहिता येते. इथे दोन तऱ्हा आहेत, म्हणजे संख्या मूळ नाही. आणि ऑयलरला माहीत होतं की या दोन तऱ्हांमधून अवयवही बाहेर काढता येतात. बघा: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८; यांचा मसावि ८, त्याचं अर्ध ४. तसंच ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०; यांचा मसावि ५०, त्याचं अर्ध २५. आता ४^२ + २५^२ = १६ + ६२५ = ६४१.

वरच्या सिद्धतेतला ६२५ + १६ तो हाच. दुसरा अवयवही असाच: ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२.

विभाजक, त्यांची बेरीज वगैरे?

विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि स्वतः. स्वतःला वगळून बेरीज ६७०१०५९, म्हणजे संख्येच्या मानाने नगण्य. परिपूर्ण संख्येच्या (जिची अशी बेरीज तिच्याएवढीच भरते) जवळपासही नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०.

दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव का नसतो?

आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार करा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. हे फ५ पुरतं नाही, प्रत्येक फर्मा संख्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा २ ने मोठी असते. मग एखादा अवयव दोघींत सामाईक असेल तर त्याने २ लाही भाग जायला हवा, आणि फर्मा संख्या तर सगळ्या विषम. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला हे कळवलं होतं. मूळ संख्या अनंत आहेत याची ही एक आयती सिद्धता: प्रत्येक फर्मा संख्या निदान एक तरी नवी मूळ संख्या आणतेच.

या संख्येचा भूमितीशी संबंध आहे असं वाचलं. खरं का?

संबंध तिचा नाही, २ ने लहान असलेल्या शेजारणीचा आहे. १७९६ मध्ये गाऊसने दाखवलं की १७ बाजूंचा समभुज-समकोन बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. नियम असा निघाला की बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल तरच तो काढता येतो. 'तरच' हा भाग १८३७ मध्ये वान्झेलने सिद्ध केला. माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच, म्हणून असा माहीत असलेला सर्वांत मोठा विषम बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. ४२९४९६७२९७ बाजूंचा काढता येत नाही. अर्थात एवढ्या बाजू काढल्या तरी कागदावर वर्तुळच दिसणार.

संगणकात ही संख्या टाकली की १ का दिसतो?

३२ बिटांच्या चिन्हविरहित जागेत ० ते ४२९४९६७२९५ एवढंच मावतं. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून. आपली संख्या द्विमान पद्धतीत १, मग एकतीस शून्यं, मग १ अशी ३३ अंकी आहे. डावीकडचा १ बाहेर सांडतो, उजवीकडचा उरतो.

याचा एक झकास परिणाम: ३२ बिटांच्या अंकगणितात ६४१ × ६७००४१७ = १. म्हणजे एखादी संख्या ६४१ च्या पटीत आहे हे ठाऊक असेल तर तिला ६४१ ने भागण्याऐवजी ६७००४१७ ने गुणलं तरी चालतं. ६४१००० ला गुणून शेवटचे ३२ बिट ठेवा, १००० मिळतील.

१ ÷ ६४१ चा दशांश विस्तार?

०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९, मग पुन्हा तेच. आवर्तन ३२ अंकांचं. त्याचे दोन अर्धे करा, ००१५६००६२४०२४९६० आणि ९९८४३९९३७५९७५०३९, आणि बेरीज करा: सोळा वेळा ९. कारण १०^१६ + १ ला ६४१ ने भाग जातो.

या संख्येचा अवयव कुणी तोंडी काढलाय का?

झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाने, लंडनमध्ये. १८१२ मध्ये तो आठ वर्षांचा होता. त्याच्यासमोर ही संख्या ठेवली तेव्हा त्याने ६४१ हा अवयव मनातल्या मनात काढून सांगितला, अशी नोंद आहे.

पुढच्या फर्मा संख्यांचं काय झालं?

फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७, आणि १८८० मध्ये लाँद्रीने तिचे अवयव दिले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. फ७ ला १९७० उजाडलं (मॉरिसन आणि ब्रिलहार्ट), फ८ ला १९८०. पूर्ण अवयव आजही फ५ ते फ११ एवढ्यांचेच माहीत आहेत.

संयुक्त असल्याचं मात्र फ५ पासून फ३२ पर्यंत सगळ्या अठ्ठावीस संख्यांबद्दल माहीत आहे. यात फ२० आणि फ२४ यांची तऱ्हा वेगळी. फ२४ ला ५० लाखांहून जास्त अंक आहेत. ती संयुक्त असल्याचं १९९९ मध्ये पेपँच्या कसोटीने ठरलं, पण तिचा एकही अवयव कुणाच्या हाती लागलेला नाही. ६५५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही, आणि सापडणारच नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. जिचा निकाल लागायचा आहे अशी सर्वांत लहान फर्मा संख्या फ३३. तिचे नुसते अंकच अडीचशे कोटींहून जास्त आहेत.